जिरवायचं सगळ्यांनी, उपसायचं एकेकट्यानं

माणदेशातल्या आमच्या मळ्यातली विहीर सात परसांची, म्हणजे सात पुरुष खोल आहे. मे महिन्यात तिनं तळ गाठला की मी भिंतीतल्या दगडी पायट्यांवरून खाली उतरतो. निमित्त गाळ काढण्याचं, पण मला खरं तर भिंत बघायची असते. वरती दीड हात माती. तिच्याखाली मुरूम, बोटानं खरवडला तरी सुटणारा. मग पांढऱ्या-हिरवट ठिपक्यांचा मांजऱ्या खडक. त्याच्याखाली वीतभर जाडीचा विटकरी गेरूचा पट्टा, आणि तळाशी काळा पाषाण. या पाषाणाला सुरुंग लावता लावता आजोबांचे पैसे संपले आणि विहीर तिथंच थांबली. मुरूम आणि मांजऱ्या जिथं भेटतात तिथं भिंतीवर शेवाळाचा एक आडवा डाग आहे. आमचे नाना वरून वाकून दरवेळी तेच सांगतात, “हितनं यायचं पाणी. करंगळीएवढं. पर बारा म्हैनं.”

आता तो डाग वाळलाय. पलीकडच्या बांधावर साडेपाचशे फुटांचा बोअर झाला, त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात. बोअरमुळेच झरा आटला, असं मी कोर्टात शपथेवर सांगू शकणार नाही. मधल्या वर्षी पाऊसही ओढला होता, आणि आमचीही मोटर काही उपाशी नव्हती. पण मला जे मांडायचं आहे ते नेमकं इथंच आहे. ओढ्यावरचे बंधारे, माथ्यावरचे चर आमच्या आणि त्या शेजाऱ्याच्या घरच्यांनी एकाच श्रमदानात खणले. पाणी जिरवताना आम्ही गाव होतो. उपसायला लागलो आणि गट नंबर झालो.

जमिनीखालच्या पाण्याबद्दल आपल्या मनात दोन चित्रं असतात. एक, खाली कुठंतरी मोठं तळं आहे. दुसरं, पाणाड्या नारळ हातावर धरून फिरतो तेव्हाचं, की खाली पाण्याच्या शिरा आहेत आणि नशीब असेल तर शीर सापडते. दोन्ही चित्रांत पाणी कुठूनतरी लांबून येतं आणि ज्याला सापडलं त्याचं होतं. महाराष्ट्राच्या जमिनीत असं घडत नाही. राज्याचा पाचातला चार हिस्सा बेसाल्टवर बसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि थिजले. प्रत्येक थराचा मधला-खालचा भाग घट्ट, काळा. वरचा भाग बुडबुड्यांनी पोकळ, अनारशाच्या जाळीसारखा. मात्र ही जाळी बहुतेक ठिकाणी नंतर खनिजांनी बुजली. मांजऱ्यातले पांढरे ठिपके म्हणजे ही बुजलेली भोकं. दिसायला सुंदर, संग्राहक विकत घेतात, पण त्यात पाणी मावत नाही. पाणी राहतं ते वरच्या कुजलेल्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात.

किती राहतं? पाण्यानं पूर्ण भिजलेल्या अशा शंभर घनमीटर खडकातून विहिरीला मिळतं ते साधारण एक ते तीन घनमीटर. दोन धरू. म्हणजे एका एकराखालची पाणीपातळी एक मीटरनं उतरली की हाती आलं फक्त ऐंशी हजार लिटर. दहा हजारांचे आठ टँकर. आपण ज्याला धरतीचं पोट म्हणतो ते आमच्याकडं इतकं लहान आहे.

आता भरणाकडं बघू. माणदेशात पाऊस पाचशे मिलिमीटर धरा. भूजलाचा अंदाज बांधणारे बेसाल्टसाठी पावसातला साधारण सात ते तेरा टक्के हिस्सा खाली मुरतो असं धरतात. दहा टक्के घेतले तर एकराला दोन लाख लिटर, वर्षभराचे. आणि एकरभर उसाला? त्याची वर्षाची भूक दोन हजार मिलिमीटरच्या आसपास असते. पावसाचं वजा करून दीड हजार विहिरीतून द्यायचं म्हटलं तर साठ लाख लिटर. तीस एकरांवर मुरलेलं पाणी एक एकर उसात जातं. पाटानं दिलेल्या पाण्यातलं थोडं पुन्हा मुरतं, ठिबक केलं तर गरज बरीच उतरते, हे सगळं वजा करा. वीस एकर म्हणा, पंधरा म्हणा. तरी ते पंधरा एकर त्या ऊसवाल्याचे नाहीत. त्यातले काही माझे, काही गायरानाचे, काही माथ्यावरच्या धनगराच्या माळाचे. ज्याच्या रानावर पाऊस पडला त्याला विचारलं कोणी?

हा हिशोब मी ऊस उत्पादकांना झोडपायला मांडलेला नाही. डाळिंब, द्राक्षं, संत्री, काहीही घ्या, आकडे बदलतील, प्रश्न तोच राहील. वरूड-मोर्शीची संत्री बोअरच्या पाठीवर उभी राहिली आणि तिथली पातळी खोल गेली. खानदेशात तर खडकही वेगळा. सातपुड्याच्या पायथ्याशी तापीनं आणलेला गाळाचा जाड थर आहे, बेसाल्टच्या कितीतरी पट पाणी धरणारा. केळीच्या बागांनी तोही खाली नेला. रावेर आणि यावल अतिउपशाच्या यादीत गेले. रांजण मोठा होता म्हणून रिकामा व्हायला जास्त वर्षं लागली, इतकाच फरक.

लहान रांजणाचा एक गुण मात्र असतो. तो लवकर भरतो. आमच्याकडं सप्टेंबरात दोन दमदार पाऊस झाले की विहिरी वरपर्यंत येतात, ओढे पाझरायला लागतात, आणि त्यानंतर पडलेलं पाणी खाली जायला जागाच उरत नाही. रांजण भरून वाहायला लागतो. पाऊस झालाच नाही, तर जिरवायला काही नसतं. म्हणजे चर आणि बंधारे खऱ्या अर्थानं कामाला येतात ते मधल्या, बेतास बात पावसाच्या वर्षात. बाकी सगळा खेळ ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांतल्या उपशाचा. रब्बीत किती क्षेत्र भिजवलं, उन्हाळी पीक घेतलं की नाही, बाग किती लावली, यावर मे महिन्यातली विहीर ठरते. आणि नेमक्या याच आठ महिन्यांबद्दल प्रत्यक्षात राबवलं जाणारं सार्वजनिक धोरण आपल्याकडं दिसत नाही. आहे ते सगळं पावसाळ्याच्या आधीचं, जेसीबीचं.

1972 च्या दुष्काळानं महाराष्ट्राला दोन गोष्टी दिल्या. एक, रोजगार हमी आणि तिच्यातून गावोगाव झालेले पाझर तलाव. दुसरी, बोअर. खडक फोडणारी यंत्रं पिण्याच्या पाण्यासाठी आली, हातपंप बसले. ज्या हातपंपानं पुढं देशभर तहान भागवली त्याचं मूळ सोलापुरात घडलेल्या पंपात आहे, हे आपल्याकडं फारसं कोणाला ठाऊक नसतं. हातपंपानं खडकाचं काही बिघडलं नाही. माणसाच्या दंडात तेवढा जोर नसतोच. बिघडवलं ते त्याच भोकात पाण्याखाली सोडलेल्या मोटरनं. पाझर तलावांमागून ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ आलं, आणि मागच्या दशकात जलयुक्त शिवार. त्याच्यावर 9,633 कोटी रुपये खर्च झाले आणि भूजल पातळी वाढवण्यात त्याचा फारसा परिणाम दिसला नाही, असं नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांनी 2020 मध्ये नोंदवलं. त्यावर राजकारण व्हायचं ते झालं. कोणी म्हणालं भ्रष्टाचार, कोणी म्हणालं अहवालच पक्षपाती. मला वाटतं, एक सरळ शक्यता दोन्ही बाजूंनी नजरेआड केली: पाणी मुरलं असेल आणि त्याच वर्षी उपसलंही गेलं असेल. वरून घागरीनं ओतायचं आणि खालून मोटर चालू ठेवायची, मग पातळी वाढली नाही म्हणून घागरीला दोष द्यायचा.

श्रमदानाला मी हसत नाही. एप्रिलच्या उन्हात मीही टिकाव मारलाय. आमच्या गल्लीतल्या एक मावशी तर पंचेचाळीस दिवसांतला एकही दिवस चुकल्या नाहीत. त्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्याच मावशी टँकरच्या मागं घागर घेऊन पळत होत्या, आणि माथ्यावर त्यांनी खणलेल्या चरातलं पाणी कोणाच्या तरी डाळिंबाला ठिबकत होतं. डाळिंबवाल्यानं चोरी केली नाही. त्याच्या रानात त्यानं स्वतःच्या पैशानं विहीर पाडली, स्वतःची मोटर लावली. कायदा त्याच्याच बाजूनं उभा आहे.

हा कायदा कधीचा? 1882 चा. भारतीय सुखाधिकार कायद्यात असं मानलं आहे की जमिनीखालचं, ठरलेल्या प्रवाहातून न वाहणारं पाणी आपल्या हद्दीत गोळा करायचा आणि वापरायचा हक्क जमीनमालकाला आहे. मोटा होत्या तेव्हाची गोष्ट. दोन बैलांची मोट दिवसभर चालली तरी शेजारच्या विहिरीला तिची झळ लागायची नाही, म्हणून तेव्हा तो नियम शहाणाच होता. आज त्याच नियमावर साडेसात अश्वशक्तीची मोटर चालते. पाणी खडकात असतं तेव्हा बांध ओळखत नाही. कागदावर मात्र ते सातबाऱ्यात राहतं.

महाराष्ट्रानं यात काही केलंच नाही असं नाही. 1993 मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी भूजल कायदा केला. सार्वजनिक उद्भवापासून, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून, पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायची नाही, असं त्यात होतं. माझ्या माहितीच्या कुठल्याही बोअरवाल्यानं टेप काढून हे अंतर मोजल्याचं मी पाहिलेलं नाही. मग 2009 चा भूजल विकास आणि व्यवस्थापन अधिनियम आला, तो 2014 मध्ये अमलात आला. साठ मीटरपेक्षा खोल विहिरीवर त्यात बंधनं आहेत, पाणलोटाच्या पातळीवर समित्यांची तरतूद आहे, पीक आराखड्याचाही विचार आहे. कागद म्हणून तो देशातल्या चांगल्या कायद्यांत मोडावा. पण साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. आमच्या स्टँडवर बोअरची गाडी उभी असते, तिचा एजंट चारशेच्या खालचा भाव सांगतच नाही.

या साठ मीटरमागं खडकाचं शास्त्र आहे, ते समजून घेतलं पाहिजे. बेसाल्टमध्ये खेळतं पाणी बहुतांशी वरच्या भागात असतं. खाली जावं तसा खडक आवळत जातो. पाचशे फुटांवर एखादी भेग लागते, तिच्यात पाणी असतं, पण ते वर्षानुवर्षांचं साठलेलं, आणि वरून तिथं पोचायला त्याला फार वेळ लागतो. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. बोअरला केसिंगचा पाइप घालतात तो वरच्या माती-मुरमापुरता. त्याच्याखाली भोक उघडंच. गेरूचा जो पट्टा वरचं पाणी अडवून धरत होता त्याला आरपार छेद गेला, की वरच्या थरातलं पाणी त्या भोकातून खालच्या थरात गळायला लागतं. एक बोअर म्हणजे रांजणाला एक भोक. एकेका शिवारात अशी शेकडो भोकं पडली आहेत, आणि त्यातली निम्मीशिम्मी तर फुफाटा उडाला म्हणून टाकून दिलेली. पाणी लागलं नाही म्हणून ती निरुपद्रवी झाली असं नाही. कर्जाचा हप्ता चालू राहतो तशी गळतीही.

यावर वीज. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्यानं वीजबिल माफ केलं. सौरपंपाला तर बिलच नाही. शेतकऱ्याचा बोजा कमी झाला हे चांगलंच. कोरडवाहू रानाला बिलाच्या नावाखाली छळलं जात होतं, ते मी घरात पाहिलंय. पण मोटर बंद करायला जी एक गोष्ट आतापर्यंत भाग पाडायची, विजेची ठरावीक वेळ, रात्रीची का होईना, लोडशेडिंगची का होईना, तीही सौरपंपाबरोबर गेली. सूर्य उगवला की मोटर सुरू, मावळेपर्यंत. पाणी गेलं कुठं म्हणाल तर शेततळ्यात. शेततळं मुळात ओढ्याचं वाहून जाणारं पाणी धरण्यासाठी. आमच्या भागात निम्म्याहून जास्त शेततळी माळाच्या उंच टोकावर आहेत, जिथं ओढा चढून जाऊच शकत नाही. ती भरतात बोअरनं. खाली काळा-निळा कागद, वर मोकळं आभाळ. जमिनीखाली जिथं थेंबही उडून जात नव्हता तिथलं पाणी उपसून उन्हात पसरायचं, आणि वर्षाकाठी त्यातला दीड मीटरहून जास्त थर वाफेला द्यायचा. त्यावर सरकारी अनुदान. जवळच्याच शिवारात दुसऱ्या खात्याच्या अनुदानातून पाणी जिरवायचे चर. शासनाचा एक हात खाली ढकलतोय आणि दुसरा वर ओढतोय. मध्ये मोटर आपली.

इथं कोरडवाहू शेतकरी मला थांबवतो, आणि त्याचं म्हणणं साधं नाही. धरणाखालच्या भावाला कालव्याचं पाणी जवळपास फुकट मिळतं, धरण बांधायला पैसे सरकारनं घातले, ऊस त्यानं लावला, कारखाना त्यानं काढला. मी माझ्या पैशानं भोक पाडलं. चार बोअर कोरडे गेले तेव्हा कोणी आलं नाही, पाचव्याला पाणी लागलं तर लगेच ‘हे सगळ्यांचं’? माझ्या चुलतभावानं हे मला ओसरीवर बसून तोंडावर सांगितलं, आणि त्याला द्यायला माझ्याकडं नीट उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही. फक्त इतकं म्हणता येतं: त्याचे चार बोअर कोरडे का गेले, याचं कारण आसपासच्या चाळीस बोअरमध्ये आहे. मोकाट उपशाचा पहिला बळी तो स्वतःच आहे, कारण या शर्यतीत शेवटी ज्याच्याकडं सहावा बोअर घ्यायला पैसे उरतात तो जिंकतो. वैयक्तिक हक्क म्हणून जे त्याला दिलंय, ते कर्ज काढायचं स्वातंत्र्य आहे.

वाटून घेणं जमतं का? जमलेलं आहे. 1972 नंतरच्या वर्षांत पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नाही, माणशी. माणसामागं अर्ध्या एकराचं. ऊस नाही. भूमिहीनालाही वाटा. पन्नास वर्षांपूर्वीचा हा विचार आजही धक्का देतो, विशेषतः शेवटचं कलम. आमच्या मावशींना पाण्यात वाटा देणारा तो एकच ठराव मला माहीत आहे. हिवरे बाजारचं नाव घेतलं की लोक झाडं आणि चर बघायला जातात, सेल्फी काढून येतात. त्या गावानं केलेली अवघड गोष्ट फोटोत येत नाही: सिंचनासाठी बोअर नाही, जास्त पाणी पिणारी पिकं नाहीत, आणि दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत रब्बीचा निर्णय. कोरेगाव तालुक्यातल्या रणदुल्लाबादनं तर आधी आपला खडक समजून घेतला, कुठं मुरतं आणि कुठं निघतं ते पाहिलं, आणि सिंचनासाठी बोअर घ्यायचा नाही असं ठरवून विहिरींवर भागवलं.

“हिवरे बाजारला सरपंच पोपटराव होते, आमच्याकडं कोण आहे?” हे ठरलेलं वाक्य. मला ते पटत नाही. नेता उसना आणता येत नाही, नियम आणता येतात. आणि नियम पाळायचं कारण सरकार देऊ शकतं, कारण पैसा त्याच्या हातात आहे. माझं म्हणणं इतकंच: पाणी जिरवण्याचा एकही रुपया उपशाच्या कराराशिवाय देऊ नये. ज्या शिवाराला चर, बंधारा, खोलीकरण हवंय तिथल्या विहीरवाल्यांनी आधी लिहून द्यावं, की साठ मीटरच्या खाली पिण्याच्या पाण्याशिवाय जाणार नाही, वापरात नसलेले बोअर बुजवू, ऑक्टोबरची पातळी बघून रब्बीचं क्षेत्र ठरवू, आणि मे अखेरचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढू. बोअरनं भरणाऱ्या शेततळ्याचं अनुदान बंद. त्याऐवजी तिघाचौघांत एक विहीर असेल तर तिला जास्त अनुदान. माथ्यावरचं गायरान, जिथं पाणी मुरतं, ते कोणत्याही प्रकल्पाला देताना खालच्या विहीरवाल्यांची संमती. यातलं बरंचसं 2009 च्या कायद्यात आजही बसतं.

अटल भूजल योजनेतून काही गावांनी पाण्याचा ताळेबंद मांडला. एका गावात शाळेच्या भिंतीवर तो निळ्या रंगात रंगवलेला मी पाहिलाय. आवक, जावक, तूट, तिन्ही आकडे शेवटच्या लिटरपर्यंत. तूट आल्यावर कोणी काय करायचं, हे मात्र भिंतीवर नव्हतं. तेवढी एक ओळ लिहायला ग्रामसभेत भांडण होईल, म्हणून ती कोणी लिहीत नाही. माझ्या मते ते भांडण व्हावं. जिरवताना आपण भांडलो नाही, कारण तिथं कोणाचं काही जात नव्हतं.

यंदा मेमध्ये खाली उतरलो तेव्हा चुलतभावही आला होता. शेवाळाच्या वाळक्या डागावर त्यानं बोट फिरवलं आणि विचारलं, “समजा मी बोअर बंद ठेवला. पलीकडचा ठेवील का?” मी म्हटलं, विचारू या त्याला. “आधी तू विचार,” तो म्हणाला, आणि पायट्यांवरून वर चढायला लागला.